कार सीट आणली, पण ती नीट बसली का?

पन्हाळ्याला निघालो होतो. मुलगा अकरा महिन्यांचा. मागं कार सीटमध्ये, म्हणजे गाडीच्या सीटवर बसवायच्या लहान मुलांच्या सुरक्षा सीटमध्ये, तो, शेजारी माझी आई. गाडी गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत त्यानं भोकाड पसरलं आणि आईनं ठरलेलं वाक्य काढलं, "एवढ्याशा लेकराला बांधून घालतोस व्हय रे? सोड त्याला. मी घेऊन बसतो की मांडीवर." (बाहेरगावच्या वाचकांनी दचकू नये. आमच्या कोल्हापुरात बायकाही 'मी बसतो'च म्हणतात.)

मी काही त्याला सोडला नाही आणि त्याबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. वाघबीळच्या वळणावर गाडी जरा जोरात वळली आणि अख्खी सीट मुलासकट आईच्या अंगावर कलंडली. त्याला काही लागलं नाही. आईनं आरशातून माझ्याकडं बघितलं, बोलली काहीच नाही. वर पोचल्यावर सीट तपासली तेव्हा कळलं की गाडीचा पट्टा मी भलत्याच खाचेतून ओवला होता. दोन महिने तसाच.

मी शिवाजी उद्यमनगरात मशिन शॉप चालवतो. फिक्श्चर बनवणं हा आमचा धंदा. म्हणजे फौंड्रीतून आलेलं कास्टिंग मशिनवर असं आवळून धरायचं की कटर लागला तरी ते केसभर हलू नये. 'जॉब घट्ट बसला का?' हे पोरांना दिवसातून पन्नास वेळा विचारणारा मी, घरच्या सीटला साधा हात लावून हलवून बघितलं नव्हतं. तेव्हापासून या विषयाचा नादच लागला. गेल्या दोन वर्षांत पाहुण्या-मित्रांच्या गाड्यांतल्या बऱ्याच सीटा मी खोलून परत बसवल्या. आणल्या होत्या सगळ्यांनी हौसेनं. पहिल्या फटक्यात बरोबर बसलेल्या फार थोड्या निघाल्या. यात आपणच अडाणी असं समजायचं कारण नाही. अमेरिकेत सरकारी रस्ता सुरक्षा संस्थेनं गाड्या थांबवून पाहणी केली, तेव्हा ४६ टक्के सीटांच्या बसवण्यात किंवा वापरात चूक सापडली होती.

तर आधी मांडीचा हिशोब करू.

मार्केट यार्डातला गुळाचा दहा किलोचा रवा (ढेप) उचलून बघा. वर्षाच्या मुलाचं वजन साधारण तेवढंच. आता गाडी ताशी ४० किलोमीटरनं चाललीय, म्हणजे कावळा नाक्याकडून शिरोलीकडं जाताना आपण जी चाल 'हळू' समजतो ती. समोर काहीतरी आडवं आलं, गाडी आदळली, तिचं नाक अर्धा मीटर चेपलं आणि ती थांबली. एवढं सगळं सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात उरकतं. त्या वेळात दहा किलोच्या मुलाला धरून ठेवायला सरासरी सव्वाशे किलोचा जोर लागतो. मधल्या एखाद्या क्षणी त्याहूनही जास्त. तालमीतल्या पैलवानालाही ते जमायचं नाही. शिवाय जोर लावायला आधी कळावं लागतं, आणि आपल्याला कळेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. वेग उंचीत मोजायचा तर ताशी ४० म्हणजे सहा-सव्वासहा मीटरवरून, दोन मजल्यांवरून, खाली पडण्यासारखं. ताशी ५० केला की तीन मजले.

मांडीवर घेण्यात आणखी एक धोका आहे, तो कुणाच्या ध्यानात येत नाही. मांडी ज्याची आहे त्यानं पट्टा लावला नसेल तर त्याचं साठ-सत्तर किलोचं अंग मागून मुलावर येतं. पट्टा लावून मुलालाही त्याच पट्ट्यात घेतलं तर पट्टा आणि मोठं माणूस यांच्यामध्ये मूल चेंगरतं. आई जिवापाड धरेल यात शंका नाही. पण हा प्रश्न मायेचा नाही, वजनाचा आणि वेगाचा आहे.

मग कार सीट नेमकं करते काय? ती मुलाला अडकवून ठेवत नाही, ती मुलाला गाडीशी जोडते. गाडी आदळते तेव्हा तिचं नाक मुद्दाम चेपेल असंच बनवलेलं असतं, कारण चेपता चेपता ती थोडी सावकाश थांबते. जो गाडीशी घट्ट जोडलेला आहे तो गाडीबरोबर सावकाश थांबतो. जो सैल आहे तो गाडी थांबेपर्यंत त्याच वेगानं पुढं जात राहतो आणि मग पट्टा ताणला जाताच, किंवा समोरच्या सीटवर, एकदम थांबतो. बोनेटचा जो अर्धा मीटर तुमच्यासाठी चेपला, त्यातला निम्मा तुम्ही ढिलाईत घालवलेला असतो.

बस्स, एवढं डोक्यात बसलं की पुढचे सगळे नियम त्यातूनच निघतात. पाठ करावे लागत नाहीत.

घट्ट जोडायचं म्हणजे दोन ठिकाणी: सीट गाडीला आणि मूल सीटला. माझी चूक पहिल्या ठिकाणची. माझ्याकडची सीट दोन्हीकडं तोंड करून बसणारी. अशा सीटवर युरोपियन पद्धतीत पट्टा ओवायच्या जागा रंगानं दाखवलेल्या असतात. मुलाचं तोंड मागं असेल तर निळ्या खाचेतून, पुढं असेल तर लाल. दुकानदारानं सांगितलं होतं, नऊ किलो झालं की तोंड पुढं करा. मी सीट फिरवली, पण पट्टा राहिला निळ्यातच. बकल 'टक्' करून लागलं, म्हटलं झालं. पट्टा लागणं वेगळं आणि सीट बसणं वेगळं.

सीट बसवताना तिच्यात गुडघा रोवा, अंगाचा भार द्या आणि मग पट्ट्याचा ढिला भाग ओढून घ्या. नंतर जिथून पट्टा जातो तिथंच सीटला हात घालून डावी-उजवीकडं आणि पुढं-मागं हलवा. एका इंचाच्या आत हलली तर ठीक. सीटचं वरचं टोक धरून हलवलं तर कुठलीही सीट हलतेच. त्यावरून घाबरायला नको आणि शहाणपणाही सांगायला नको.

आयसोफिक्स म्हणून जी भानगड आहे, ती हीच चूक टाळायला काढलेली. गाडीच्या मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथं मिळतात, त्या फटीत गाडीच्या सांगाड्याला जोडलेले लोखंडी हुक असतात. कार सीटचे दोन दांडे त्यात खटकन बसतात आणि बऱ्याच सीटांवर लालचं हिरवं दिसतं. पट्ट्यापेक्षा ते फार मजबूत असतं असं काही नाही. पट्ट्यानं नीट बसवलेली सीटही तेवढीच कामाची. फक्त आयसोफिक्समध्ये चुकायला वाव कमी. तरी लोक चुकतात, कारण दोन हुक लावून थांबतात. सीट पुढं गडगडू नये म्हणून तिसरा आधार लागतो: एक तर मागच्या बाजूला अडकवायचा वरचा पट्टा, नाहीतर खाली टेकणारा पाय. तो पाय हवेत लोंबकळत ठेवलेल्या दोन गाड्या मी स्वतः पाहिल्यात.

आणि आपला खास देशी अडथळा म्हणजे सीट कव्हर. गाडी घेतली की आठवड्याच्या आत लेदरचं कव्हर चढवायची आपल्याकडं रीत आहे. त्या कव्हराखाली मागची बकलं गाडली जातात, आयसोफिक्सचे हुक तर दिसतच नाहीत. एका मित्रानं मला छातीठोक सांगितलं की त्याच्या गाडीला आयसोफिक्स नाहीच. कव्हर वर केलं तर दोन्ही बाजूंना होते. तीन वर्षं प्लास्टिकच्या टोपणासकट.

आता दुसरं ठिकाण: मूल सीटला. खांद्यावरचे पट्टे ओढून झाले की खांद्याजवळ पट्टा उभा चिमटीत धरायचा प्रयत्न करा. चिमटीत घडी आली तर ढिला, बोटं नुसती घसरली तर बरोबर. याहून सोपी परीक्षा नाही, आणि सगळ्यात जास्त चूक इथंच होते, कारण पट्टा आवळताना आपलाच जीव वर-खाली होतो. त्याला टोचेल, दूध बाहेर येईल, असं वाटतं. तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळून वर टोपरं घालून सीटमध्ये ठेवायचं आणि मग पट्टे लावायचे, हेही चुकीचंच. दुपट्याची जाडी आदळताना दबते आणि तेवढा पट्टा ढिला पडतो. आधी साध्या कपड्यांवर पट्टे, मग वरून दुपटं. जाड जर्किनचंही तेच.

पट्टे कुठल्या उंचीवरून निघावेत? तोंड मागं असेल तर मुलाच्या खांद्याच्या बरोबरीनं किंवा किंचित खालून. तोंड पुढं असेल तर खांद्याच्या बरोबरीनं किंवा किंचित वरून. मुलं वाढतात, पट्टे जिथल्या तिथं राहतात. दर महिन्या-दोन महिन्यांनी बघावं लागतं.

तोंड कुठं करायचं, यावर घरोघरी वाद. मूल नऊ महिन्यांचं झालं की आजी-आजोबांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे म्हणतात, "त्याला रस्ता दिसत नाही, म्हणून रडतंय, फिरवा की." आणि दुकानदाराचं ते नऊ किलो. ते खोटं नव्हतं. आर ४४ नावाच्या जुन्या युरोपियन नियमात नऊ किलोंनंतर पुढं तोंड करायला परवानगी आहे. पण परवानगी म्हणजे शिफारस नव्हे.

मुलाचं अंग मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नसतं. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळपास चौथा हिस्सा असतं. आपलं साधारण आठवा. मान मात्र अजून तयार व्हायचीय. मणक्यांचे भाग कूर्चेनं जोडलेले असतात आणि ते पक्कं हाड व्हायला वर्षं लागतात. तोंड पुढं असलेल्या मुलाचं धड पट्टे धरतात. डोकं कुणीच धरत नाही. ते पुढं फेकलं जातं आणि सगळा ताण त्या कच्च्या मानेवर येतो. तोंड मागं असेल तर डोकं, मान, पाठ एकत्र सीटच्या पाठीवर दाबली जातात आणि जोर सगळ्या पाठीवर वाटला जातो. ही कल्पना १९६४ साली स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांनी प्रत्यक्षात आणली. अमेरिकेच्या जेमिनी यानातले अंतराळवीर झटका पाठीवर घेतील अशा बेतानं बसलेले पाहून त्यांना ती सुचली होती. नव्या आर १२९ नियमात किमान पंधरा महिने तोंड मागंच ठेवायची सक्ती आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर सांगते की सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत, जमेल तितके दिवस, मागंच ठेवा.

मग पायांचं काय? अवघडतात ना? घरात जमिनीवर खेळणारं तीन वर्षांचं मूल बघा, पाय कसेही दुमडून तासभर बसतं. अवघडतं ते आपल्याला, बघून.

तान्ह्या बाळाच्या सीटमध्ये कलतेपणही बघावं लागतं. सीट फार उभी असली तर जड डोकं पुढं लोंबतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. बऱ्याच सीटांवर कल दाखवणारी रेघ किंवा बुडबुडा असतो. तो गाडी सपाटीला लावून बघा, चढावर नको. आणि बाळ झोपलं म्हणून सीट तशीच घरात नेऊन त्यात तासन् तास झोपवू नये. ती प्रवासाची वस्तू आहे, पाळणा नव्हे. पुण्याला जाताना दर दोन तासांनी, कऱ्हाड-साताऱ्याला म्हणा, त्याला बाहेर काढून आडवं करावं.

पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी, मागं तोंड केलेली सीट कधीही नाही, समोरची एअरबॅग चालू असेल तर. २०२२ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत पुढं दोन एअरबॅग सक्तीच्या आहेत. मोठ्या माणसाला वाचवणारी ती पिशवी डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते आणि सीटच्या पाठीवर, म्हणजे थेट बाळाच्या डोक्यामागं, आदळते. त्यामुळं जागा मागचीच. 'मला ते दिसायला पाहिजे' म्हणून पुढं ठेवणारे असतात. त्यांनी मागं दिसणारा छोटा आरसा लावावा. नाहीतर कुणीतरी मागं बसावं.

साधारण चार वर्षांच्या पुढं, आतल्या पट्ट्यांची मर्यादा संपली की बूस्टर. याला लोक सर्रास 'उंच बसायची गादी' समजतात आणि घरची उशी टाकून मोकळे होतात. मुलाला खिडकीतून दिसावं म्हणून बूस्टर नसतो. गाडीचा पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा असतो. खालचा पट्टा कमरेच्या हाडावर बसावा असा बेत असतो. लहान मुलाला तो पोटावर येतो आणि वरचा गळ्याला काचतो. मग मूल वरचा पट्टा काखेखाली घेतं, आपणही म्हणतो असू दे. आदळल्यावर ते खालच्या पट्ट्याखालून घसरतं आणि पट्टा हाडाऐवजी आतड्यांवर आवळतो. बूस्टर मुलाला उचलून पट्टा हाडावर आणतो आणि त्याचे दोन्ही बाजूंना वर आलेले कान पट्ट्याला तिथंच धरून ठेवतात. उशीला कान नसतात, ती घसरते. बूस्टर कधी सोडायचा? पाठ सीटला टेकून गुडघे सीटच्या कडेवर वाकतात, खालचा पट्टा मांड्यांच्या वरच्या टोकाला, वरचा खांद्याच्या मधोमध, आणि अख्खा प्रवास मूल तसंच बसू शकतं, तेव्हा. ते साधारण १३५ ते १५० सेंटिमीटर उंचीच्या दरम्यान येतं. म्हणजे पाचवी-सहावीतलं पोर. हे ऐकून सगळ्यांचे डोळे विस्फारतात.

विकत घेताना सीटच्या पाठीला किंवा खाली चिकटवलेलं लेबल शोधा. आर ४४/०४ किंवा आर १२९ आणि गोलात 'ई' हे अक्षर, नाहीतर भारतीय मानक एआयएस ०७२. आर १२९ मध्ये वजनाऐवजी उंचीवर निवड होते आणि बाजूनं बसणाऱ्या धडकेचीही चाचणी असते. सीटच्या नावाखाली पट्टे शिवलेल्या कापडी गाद्याही मिळतात. लेबल नसेल तर तो पैसा मिसळ खायला वापरा. गाडी घेताना भारत एनकॅपचे, म्हणजे गाडी आपटून बघणाऱ्या सरकारी चाचणीचे, तारे बघतात, त्यात मोठ्यांचे आणि मुलांचे गुण वेगळे असतात. मुलांचे गुण ४९ पैकी, आणि त्यातले जवळपास निम्मे दीड आणि तीन वर्षांच्या मुलांच्या मापाचे पुतळे कार सीटमध्ये बसवून काढलेले. मांडीवरच्या मुलाला त्या पाच ताऱ्यांचा काही उपयोग नाही.

जुनी सीट घ्यावी का? आपल्याकडं बाळाला पहिली झबली दुसऱ्याची घालायची पद्धत आहे, चांगली पद्धत आहे. सीटच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी विचाराव्यात: अपघातात होती का, आणि कधीची आहे. बनवल्याची तारीख प्लास्टिकवर उठवलेली असते. साधारण सहा ते दहा वर्षांनी कंपन्या ती टाकून द्यायला सांगतात. एप्रिल-मे महिन्यात रंकाळ्यावर उन्हात लावलेल्या गाडीत काय तापतं ते आपण हात लावून बघतोच. प्लास्टिक वर्षानुवर्षं तेच सोसतं. सख्ख्या बहिणीकडून इतिहास कळतो. अनोळख्याकडून घेतलेल्या सीटचा कळत नाही.

कायदा काय म्हणतो, हे लोक शेवटी विचारतात. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात १९४ ब कलम आलं: चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालसुरक्षा सीट न लावता नेलं तर हजार रुपये दंड. मागं बसलेल्या मोठ्यांनाही पट्टा सक्तीचाच. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. पुढचे दोघे वाचले. मागचे दोघे, पट्टा न लावलेले, गेले. नंतर काही आठवडे मागच्या पट्ट्यांची चर्चा झाली, मग परत कव्हरं चढली.

खरं सांगायचं तर कोल्हापुरातली बरीचशी मुलं कारमध्ये नसतातच, मोपेडवर पुढं उभी असतात. त्यांच्यासाठीही नियम आहे, १५ फेब्रुवारी २०२३ पासून: चार वर्षांपर्यंतच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा हार्नेस, नऊ महिन्यांच्या पुढं हेल्मेट, आणि वेग ताशी ४० च्या आत. राजारामपुरीत तासभर उभा राहून बघा, किती हार्नेस दिसतात ते.

'आम्ही गावातल्या गावात हळू चालवतो' याचं उत्तर वरच्या दोन मजल्यांत आलंच. आणि आपण गावातल्या गावात राहतो कुठं? रविवारी जोतिबा, पौर्णिमेला नरसोबाची वाडी. ऊस हंगामात संध्याकाळी त्या रस्त्यांवर मागं दिवा नसलेल्या, गाणी लावलेल्या ट्रॉल्या अंधारातून अचानक पुढ्यात उगवतात. आपण कितीही शहाण्यासारखं चालवलं तरी तिथं ब्रेक आपण ठरवून मारत नाही.

उरलं रडणं. नीट बसवलेली सीट वापरली तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार तान्ह्या मुलांचे मृत्यू ७० टक्क्यांच्या आसपास कमी होतात, पण भोकाड पसरलेल्या गाडीत टक्केवारी कुणाला ऐकू येत नाही. आम्ही सीट आठवडाभर हॉलमध्ये आणून ठेवली. त्यात बसून तो चिरमुरे खायचा, टेडीला पट्टे लावायचा. मग गाडीत. पहिले चार-सहा प्रवास रडला. एकदाही काढून मांडीवर घेतला नाही, हे मुख्य. एकदा जरी घेतलं तरी त्याला कळतं की रडलं की सुटका होते. मग पुढचे सहा महिने रोज भांडण.

आता तो तीन वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात वाडीला निघालो. आई मागं बसली, चष्मा सारखा केला आणि त्याच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरला. "ढिला हाय रे." मी येऊन ओढला. तिनं परत चिमटी घेऊन बघितली, मान हलवली, आणि सीट कव्हराच्या फटीत हात घालून स्वतःचं बकल शोधायला लागली. "आणि ह्यो माझा पट्टा पदरावरनं घसरतोय, त्याचं काय करतोस बघ."